डाव्या घोड्याची कमान

निवडणूक संपली की ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आणायला जावं लागतं. ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांना हे माहीत असतं. बाकीच्यांना सांगितलं की ती माणसं जरा लांब सरकून बसतात. मी साठी गाठलेली, शाळेतून निवृत्त झालेली गणिताची बाई. खांद्याला पर्स, हातात परवान्याचं पुस्तक. हवालदार पुस्तकातला फोटो बघत होता, मग मला, परत फोटो. म्हटलं, "मीच आहे हो. केस रंगवायचे सोडलेत, एवढंच."

त्यानं आतून बंदूक आणली आणि रिकामी आहे का बघायला उघडायला गेला. ही जुनी दोन नळ्यांची बंदूक, मधोमध मोडल्यासारखी उघडते. ती उघडेना. त्यानं गुडघ्यावर धरून जोर लावला, तरी नाही. मग त्यानं वरचे घोडे ओढून बघितले. प्रत्येक नळीला एक असे दोन घोडे असतात, चाप ओढला की खाली पडून ठोका देणारे. उजवा कसाबसा हलला. डावा मेल्यासारखा पडून राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "ही बंदूक आहे का लाटणं?"

मागच्या बाकावरचे दोघे हसले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. पस्तीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज असा कुठं जातो? तुमच्या कोठडीत ओल असणार, तुम्ही एकावर एक रचून ठेवता, लोकांच्या वस्तू म्हणजे काय भंगार वाटतं का तुम्हाला, असं बरंच बोलले. तो बिचारा "मॅडम, कोरडी खोली आहे" एवढंच म्हणत राहिला. जमा करताना बंदूक उघडली होती हे खरं, पण तेव्हाही ती चांगलीच कुरकुरली होती. ते मात्र मी तिथं बोलले नाही. कपड्यात गुंडाळली आणि रिक्षा करून घरी आले.

बंदूक माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वैरागच्या बाजूला आमची शेती आहे, आणि पिकाच्या राखणीसाठी आजोबांच्या वेळेपासून हा परवाना आहे. आबांनी या बंदुकीनं एखादं जनावर मारल्याचं मला आठवत नाही. ज्वारी हुरड्यात आली की दिवस मावळताना बांधावर उभं राहून ते हवेत एक बार काढायचे, डुकरं तेवढ्यानं पळायची, आणि आम्ही भावंडं कानात बोटं घालून खिदळायचो. बार काढण्याआधी ते बंदूक उघडून नळ्यांतून आभाळाकडं बघायचे. मला उचलून घ्यायचे आणि मलाही बघायला लावायचे. दोन गोल उजेड दिसायचे, अगदी स्वच्छ. मग ती मिटली की खट् असा आवाज यायचा. त्या आवाजानं मला फार सुरक्षित वाटायचं, अजून वाटतं.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी आबांनी परवाना वारसाच्या नावावर करायचं काढलं. भाऊ पुण्यात. तो म्हणाला, सोसायटीत बंदूक कुठं ठेवू? मी म्हणाले, मग मी घेते. भावकीत नुसता गदारोळ! बाईमाणसाला बंदूक कशाला, ती काय सोलापुरात डुकरं हाकणार का? भाऊसुद्धा म्हणाला, "ताई, सरळ जमा करून टाकू सरकारला. तुझ्याच्यानं नाही व्हायचं."

आबा तोवर सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "व्हईल तिच्याच्यानं."

एवढंच. त्या दोन शब्दांवर मी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या चढले-उतरले, पोलिसांची चौकशी घरी आली तेव्हा शेजारीपाजारी गॅलरीत येऊन उभे राहिले तेही सोसलं, आणि बंदूक माझी झाली. चार वर्षं ती आमच्या लोखंडी कपाटात कुलपात होती. आणि आता ती लाटणं झाली होती.

त्याच आठवड्यात आबांचा फोन आला. मोतीबिंदू पिकलाय, सोलापुरातच दाखवायचं ठरलंय. "नवरात्रात येतो. डोळ्याचं दसरा झाल्यावर बघू," म्हणाले. "आन खंडेनवमीला बंदुकीची पूजा औंदा तुज्याकडंच करू. लई दिस झालं, हातात न्हाय घेतली."

फोन ठेवला आणि कॅलेंडर बघितलं. पोळा तोंडावर आला होता, म्हणजे हातात सव्वा महिना. आबा बंदूक हातात घेणार, उघडणार, नळ्यांतून बघणार, घोडे ओढून बघणार. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला सगळ्या भावकीसमोर तोंडावर पडल्यासारखं झालं असतं, आणि तेही माझ्यामुळं. ते मला एक शब्दही बोलले नसते, हे तर त्याहून वाईट. बंदूक त्याआधी नीट व्हायलाच हवी होती, आणि आबांना ते कळायला नको होतं.

सोलापुरात बंदुका दुरुस्त करायचा परवाना असलेले एक म्हातारे कारागीर आहेत. बाजारामागच्या बोळात त्यांचं दुकान. हल्ली बँकांच्या पहारेकऱ्यांच्या बंदुका तेवढ्या येतात, एरवी कुलपं आणि तराजू. मी त्यांना पहिल्या दिवसापासून चाचा म्हणाले. बंदूक आणि परवाना पुढं ठेवला आणि बसायच्या आतच सुरू केलं, "चाचा, पोलिसांनी वाट लावली बघा हिची."

त्यांनी बंदूक हातात घेतली, नाकाशी नेली आणि वास घेतला. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. स्क्रू इतके गंजले होते की दोन दिवस तेलात भिजवून ठेवायला लागले. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी डाव्या बाजूची पोलादी पट्टी उचलून आतला भाग माझ्यासमोर धरला.

आत लाल चिखल होता. वाळलेला, दगडासारखा घट्ट, कडेला पिवळसर. त्यात गंजाचे पापुद्रे मिसळलेले. चिमट्यासारखी एक पोलादी कमान असते, तिच्या जोरावर घोडा पडतो. ती दोन तुकडे होऊन त्या चिखलात रुतून बसली होती.

"ये पुलिस का काम नहीं बाई," चाचा म्हणाले. "ये कुंकू है. इसमें कुंकू कायकू डाले?"

मी त्या चिखलावर बोट घासून बघितलं, बोट लाल झालं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते हे काय सांगायला हवं? गावी आई बंदुकीची पूजा मोठ्या थाटानं करायची. पाटावर बंदूक, तिच्यावर चमचाभर पंचामृत, मग नारळाचं पाणी, मग हळद, मग तीन बोटांनी भरघोस कुंकू, घोड्यांवर, चापावर आणि लाकडी दस्त्यावर. आणि ते पुसायचं नाही. आम्ही पोरं फडकं घेऊन गेलो की ओरडायची, "धन्याच्या हत्याराचं कुंकू पुसतात का गं कुठं? आपणहून जाईल तेव्हा जाईल." बंदूक माझ्याकडं आल्यावर मी चारही वर्षं अगदी तस्संच केलं. आईची आठवण म्हणून पंचामृत दोन चमचे घातलं. दही, साखर, मध, नारळाचं पाणी! आणि पूजा झाली की हात जोडून, तशीच चिकट, कपाटात कुलूपबंद.

वर्षानुवर्षं आठवीच्या पोरांना "गृहीत धरू नका, ताळा करून बघा" म्हणून ओरडणारी मी. कपाळावर हात मारून घेतला.

"पण चाचा, आमच्याकडं आजोबांपासून अशीच पूजा होते. तेव्हा कधी बिघडली नाही."

"वो मेरेकू नहीं मालूम," ते म्हणाले. "कमान का बोलो. ये कमान मिलती नहीं. विलायती माल है, कंपनी बंद होके जमाना हुआ."

मग कमान शोधायचा माझा फेरा सुरू झाला. चाचांनी मोडक्या तुकड्यांवरून मोजमाप दिलं, आणि मी ते आलेखाच्या कागदावर काढून घेतलं, मिलिमीटर मिलिमीटर मोजून. चाचांना माझा कागद फार आवडला. मी तीन-चार शहरांतल्या दुकानांना फोन केले. एक म्हणाला, विकून टाका. एकानं विचारलं, साहेब घरी नाहीत का? त्याला मी असं काही सुनावलं की त्यानंच फोन ठेवला. कोल्हापूरचे एक दुकानदार मात्र म्हणाले, या, जुनं काहीबाही आहे, बघा.

चाचांची चिठ्ठी आणि परवाना घेऊन मी सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला गेले. आमचे हे म्हणाले, "अंबाबाईचं दर्शन तरी घेऊन ये, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला बरं." दुकानदारांनी एक पत्र्याचा ट्रे पुढं सरकवला, त्यात मोडीत निघालेल्या बंदुकांच्या कमानी पडल्या होत्या. तास-दीड तास एकेक कमान मी कागदावर ठेवून बघत होते. एक जुळली. अगदी रेषेवर रेष! मला इतका आनंद झाला की मी दुकानदारांना, ते नको नको म्हणत असताना, चहा पाजला. कमान त्यांनी रीतसर चाचांच्या दुकानाच्या नावानं पाठवली.

चाचांनी ती बसवली. घोडा एकदा उठला, दोनदा उठला, तिसऱ्यांदा टण् झालं आणि कमानीचा तुकडा उडून तराजूच्या पारड्यात पडला. जुनं पोलाद आतून थकलेलं होतं. चाचांनी मला पाणी दिलं.

घटस्थापनेला आठवडा उरला होता. चाचा म्हणाले, आता नवी घडवायला लागेल. घडवतो, पण लोखंड तसं हवं. बाजारातलं नवं पोलाद घेतलं तर एक तर वाकून राहतं नाहीतर काचेसारखं फुटतं. जुनं, कामातलं, लवचीक पोलाद आणा. मी विचारलं, ते कुठं मिळतं? त्यांनी वर हात केले.

त्या दिवशी मी घरी येऊन भांडी आदळत होते. आवाज ऐकून शेजारची आली. आम्ही एकमेकींना अक्का म्हणतो. तिचं सासर तेलुगू, विणकरांचं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांची टॉवेलची शेड आहे. मी तिला सगळं सांगून टाकलं, पंचामृतासकट. घरच्या कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला कसं सांगितलं कोण जाणे. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"अय्यो अक्का! लोखंडाला कुणी पाणी घालतं का? आम्ही पण मागाची पूजा करतो की. कुंकू लाकडाला लावायचं. लोखंडाला तेल!"

म्हणजे सगळ्या सोलापूरला माहीत होतं, मी सोडून. मला हसूही आलं आणि रडूही. माझे डोळे भरलेले बघून ती हसायची थांबली आणि म्हणाली, चल उद्या शेडवर.

तिच्या सासऱ्यांच्या वेळचे चार जुने माग भंगारात निघायचे होते. एका कोपऱ्यात ते उघडे-बोडके उभे होते. बाकीच्या शेडमध्ये नव्या मागांचा असा खडखडाट की बोललेलं ऐकू येईना. अक्कानं त्यांच्या जुन्या फिटरला बोलावलं, तेलुगूत काहीतरी सांगितलं, आणि त्यानं एका मागाच्या कडेची लाकडी पेटी खोलून आतली पोलादी पट्टी काढली. धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो ना, तो जोरात येऊन या पेटीत शिरतो. ही पट्टी त्याला दाबून थांबवते. फिटरनं पट्टी दोन्ही हातांनी धनुष्यासारखी वाकवली आणि सोडली. ती झटकन सरळ झाली. त्यानं परत वाकवली, परत सरळ. मग माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "माझ्या आधीपास्नं धोटा थांबवतीय ही! अजून दमली नाही!"

चाचांनी ती पट्टी बघितली, नखानं वाजवली, आणि पहिल्यांदाच मला त्यांचे दात दिसले. "हौ," म्हणाले, "ये चलेगा."

आठ-नऊ दिवस ते ती पट्टी घासत होते. मी रोज जाऊन बसायचे. माझा आलेखाचा कागद त्यांनी समोर खिळ्याला लटकवला होता. तापवायच्या दिवशी त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं, कारण पोलादाचा रंग अंधारात नीट कळतो. लाल झाल्यावर कमान तेलात बुडवली, मग परत हलक्या आचेवर धरली. तिच्यावर पिवळा रंग धावला, मग जांभळा, मग मोरपिसासारखा निळा, आणि त्याच क्षणी ती बाहेर. पाचव्या माळेला कमान बंदुकीत बसली. घोडा तीनदा उठला. मी डोळे मिटूनच मोजत होते. दहादा उठला. चाचांनी सगळी बंदूक साफ करून तेल लावून दिली आणि बोट उगारून म्हणाले, "अब इसकू पंचामृत नक्को बाई."

येताना मी ठाण्यावर थांबले. तोच हवालदार होता. पेढ्याचा पुडा त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "त्या दिवशी चूक माझी होती. तुमची खोली कोरडी आहे." तो पुड्याकडं बघतच राहिला.

आबा अष्टमीला आले. हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा. घरात आल्यावर भिंत चाचपत खुर्चीपर्यंत गेले, आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, बरं झालं, दिसत नाहीये. दुसऱ्याच क्षणी माझी मला लाज वाटली.

खंडेनवमीला पाट मांडला. सुऱ्या, विळी, कात्री, ह्यांचा स्क्रूड्रायव्हर, माझा भूमितीचा लाकडी कंपास, आणि मधे बंदूक. पंचामृताची वाटी मी देवापुढंच ठेवली होती. आबा म्हणाले, "आदी दे बघू हिकडं."

मी बंदूक त्यांच्या हातात दिली. चाचपडणारे हात तिला लागले आणि स्थिर झाले. त्यांनी ती उघडली, खिडकीकडं नळ्या केल्या. "उजेड तेवडा दिसतोय," म्हणाले. मिटली. खट्. मग अंगठ्यानं उजवा घोडा मागं ओढला, अलगद परत सोडला. मग डावा ओढला. अलगद सोडला. परत ओढला, आणि कान जवळ नेला.

"डावा कुनी बदलला गं?"

डोळे गेले होते, कान कुठं गेले होते? ज्या माणसानं साठ वर्षं हा आवाज ऐकला त्याला मी मोरपिशी कमानीनं फसवायला निघाले होते. मग एकदम सगळंच बाहेर आलं. पंचामृत, कुंकू, गंज, कोल्हापूर, माग. "आबा, तुम्ही विश्वासानं दिली आणि मी सडवली. आई करायची तस्संच केलं हो मी. एकदाही पुसलं नाही."

आबांनी डाव्या घोड्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता ते बंदूक खाली ठेवतील आणि परत हातात घेणार नाहीत. त्यांनी मान हलवली.

"तुजी न्हाय, चूक माजी हाय. तुला सांगायचं ऱ्हायलंच की." मग ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "पावनं, जरा तेल आन चिंदी आना."

ह्यांनी शिलाई मशीनचं तेल आणि जुन्या धोतराची चिंधी आणून दिली. आबा चिंधी तेलात भिजवून बंदुकीवरून फिरवायला लागले आणि फिरवता फिरवता सांगत होते. दसऱ्याला सकाळी आई देवळात गेली की ते गोठ्यात बंदूक घेऊन बसायचे. दोन्ही बाजू खोलायचे, पंचामृत, कुंकू, सगळं धुऊन-पुसून काढायचे, तेल द्यायचे. आणि ती परत यायच्या आत, ताटातलं कुंकू घेऊन, तिनं लावलं होतं तिथंच, तीन बोटांनी, परत लावून ठेवायचे.

"दर साली?" मी विचारलं.

"दर साली. लगीन झाल्यापास्नं. पुसू नगं म्हनायची, पुसल्यालं बघितलं असतं तर तिच्या जिवाला घोर लागला असता. वरीसभर बघायची, कुंकू हाय तितं हाय. म्हनायची, बघा, माजं कुंकू कसं टिकतंय." त्यांनी चिंधी उलटी केली. "टिकलं की तिचं. ती गेली, मी हाय."

मी ह्यांच्याकडं बघितलं, ते खिडकीबाहेर बघत होते.

बंदूक पुसून झाली. आबांनी हात पुढं केला. मी कुंकवाचा करंडा त्यांच्या हाताखाली धरला, त्यांनी तीन बोटं बुडवली आणि चाचपत चाचपत दस्त्याच्या लाकडावर टेकवली. तीन बोटं, एका ओळीत, अगदी आईसारखी. मग बंदूक पाटावर ठेवून ते माझ्याकडं वाकले आणि आवाज एकदम बारीक करून म्हणाले, "आईला सांगू नगंस."

"नाही सांगत," मी म्हणाले, आणि भिंतीवरच्या आईच्या फोटोकडं पाठ करून ताट आवरायला घेतलं.